नंदाच्या प्लेटलेट्स

देवीवर माझा राग होता, आणि नंदावर त्याहून जास्त. आम्हा दोघींना एकच आजार. हाडांतल्या मज्जेत रक्त नीट तयार होत नाही. अकोल्याला दोघींची इंजेक्शनं एकाच आठवड्यात सुरू झाली. पेशींमधली बंद पडलेली जनुकं या औषधाने पुन्हा जागी होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दर फेरीआधी तिथल्याच जठारपेठेतल्या लॅबमध्ये रक्त तपासायचं. पेशी पुरेशा असतील तरच इंजेक्शन. मी अमरावतीहून यायचे, ती बडनेऱ्याहून. तिच्या प्लेटलेट्स दर वेळी वाढायच्या, माझ्या घसरायच्या. "सुरुवातीला असं होतं, धीर धरा," डॉक्टर म्हणायचे. पण तिचं नाही ना झालं तसं! ती रिपोर्ट वाचून हसली की मी माझा घडी करून पर्समध्ये टाकायचे. मी नवरात्रात अनवाणी अंबादेवीला जाणारी. ती घरी बुद्धासमोर मेणबत्ती लावायची, बस. मग सगळं तिलाच का? एकदा गाभाऱ्यासमोर हात जोडले असताना, तिचाही रिपोर्ट बिघडावा असं मनात येऊन गेलं. घाबरून प्रसाद न घेताच परतले.

पुढच्या खेपेला माझ्या पेशी फारच कमी निघाल्या. इंजेक्शन लांबलं. नंदाला मात्र आत बोलावलं. मला तिथे बसवेना. कुणाला न सांगता एसटी स्टँडवर आले, आणि नाकातून रक्त सुरू झालं. पदर भिजला तरी थांबेना. लोक नुसते बघत होते. "आई अंबादेवी, आता तूच बघ," एवढंच म्हटलं आणि डोळे मिटले.

"काहून एकट्या बसल्या वो ताई? आवाज तं द्याचा मले!"

नंदा होती. नेहमी रेल्वेने जाणारी ती, गाडी उशिरा म्हणून त्या दिवशी स्टँडवर आली होती. तिनेच मला ऑटोत घालून परत दवाखान्यात नेलं. प्लेटलेट्स तातडीने हव्या होत्या, माझ्या गटाचा दाता मिळेना. तिने भावाला फोन लावला. त्याचा गट माझाच; तो बडनेऱ्याहून हातातलं काम टाकून आला आणि प्लेटलेट्स देऊन गेला. तिच्या जागी मी असते तर एवढं केलं असतं का, मला सांगता येत नाही.

काही फेऱ्यांनंतर माझ्याही पेशी चढू लागल्या. औषधाने म्हणा, कृपेने म्हणा. मी वाद घालत नाही. आईने कुणाच्या हातून द्यावं, हे मी ठरवणारी कोण? नंदाचे आकडे अजून माझ्याहून चांगले असतात, आणि खरं सांगते, अजून टोचतं. परवा मीच आधी विचारलं, "कशा आल्या गं?"

"वाढल्या वो ताई!"

टोचणं थांबेपर्यंत मी तिचा हात धरून बसले.