साहेबीणबाईंचं कोरीवकाम

लाकूड कोरायला मी हौसेनं शिकले नाही. नवऱ्याला साहेबाच्या नजरेत भरायचं होतं, म्हणून शिकले.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन मी थेट कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरच्या क्वार्टरमध्ये येऊन पडले होते. नवरा ऑफिसात कारकून. त्याच्या साहेबाच्या बायकोनं बायकांसाठी क्लबात एक वर्ग काढला. एका रशियन इंजिनियरची बायको चाकूनं लाकडावर नक्षी कशी कोरायची ते शिकवणार होती.

"जा न तू बी," नवरा म्हणाला. "साहेबीणबाई सोता येऊन राहिली तिथं."

"मले काय करायचं? मी काय सुतार आहो?"

"कोरू नको. नुसती बस. त्याइच्या नजरेत ये."

स्वतःच्या कामानं कुणाच्या नजरेत येण्याची सोय नव्हती, म्हणून बायकोला पुढं सरकवत होता. मी गेले ते घरात बसून त्याची हीच कटकट ऐकण्यापेक्षा बरं म्हणून.

क्लबात बघते तर बायका लाकूड कोरायला रेशमी साड्या नेसून आलेल्या. एकीनं चाकू रुमालात धरला होता. दुसरीला काळजी, की हाताला घट्टे पडले तर मोलकरणीसारखे दिसतील. साहेबीणबाई मधल्या खुर्चीवर. फोटोवाला आला की त्या चाकू उचलायच्या, गेला की खाली ठेवायच्या. बाकी वेळ कुणाकडे फ्रिज आला आणि कुणाचा आचारी पळाला, एवढंच. चाकूपेक्षा जिभाच जास्त चालत, आणि त्यांनाही धार नव्हती.

शिकवणारी रशियन बाई मात्र कामाची होती. जाडजूड, उन्हानं लाल झालेल्या दंडांची. हिंदीतले तीनच शब्द तिला येत: ऐसे, नहीं, फिर. लाकूड म्हणजे कारखान्याची यंत्रं ज्या खोक्यांतून येत, त्या खोक्यांच्या फळ्या. त्यांच्यावर पेन्सिलीनं त्रिकोण आखायचे. त्रिकोणाच्या मधोमध चाकूचं टोक रुतवून तिन्ही कोपऱ्यांकडे चिरा द्यायच्या, मग पातं तिरकं धरून एकेक बाजू आत कापत न्यायची. नीट कापलं तर ढलपी अख्खी उडून बाहेर येते. माझ्या ढलप्यांचा नुसता भुगा होत होता. अंगठा लाकडाला टेकवून ठेवायचा हे मला समजायच्या आधी चाकू बोटात गेला. त्या बाईनं चिंधी बांधली आणि म्हणाली, "फिर."

घरी नवऱ्यानं बांधलेलं बोट पाहिलं. विचारलं काय, तर, "साहेबीणबाई काही बोलल्या का?"

पहिली ढलपी अख्खी निघाली तेव्हा मी चाकू ठेवून त्या खळग्याकडे बघत बसले. बोटाच्या पेराएवढा खळगा, पण एका बाजूला उजेड आणि एका बाजूला सावली. हे माझ्या हातानं झालं होतं. शेजारची बाई तेव्हा लोणच्याबद्दल बोलत होती.

काही महिन्यांनी रशियन लोकांची एक तुकडी परत जायची ठरली. शिकवणारी बाईही त्यांच्यातच होती. निरोपाच्या समारंभात स्वतःच्या हातानं कोरलेला ट्रे द्यायचा, असं साहेबीणबाईंनी जाहीर केलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुमचा हात छान बसलाय हो. एवढी कडा जरा करून देता?"

कडा झाली, मग कोपरे, मग मधलं फूल. शेवटी अख्खा ट्रेच माझ्या घरी आला. शिवणीचं लाकूड होतं, मऊ आणि फिकं, चाकू लोण्यात जावा तसा जाणारं. असं लाकूड मला एरवी कोण देणार होतं? मी जीव लावून कोरलं. नवरा तर हरखूनच गेला. स्वतःचं ताट न उचलणारा माणूस, माझ्या ढलप्या झाडू घेऊन गोळा करू लागला.

समारंभात साहेबीणबाईंनी ट्रे दिला आणि आपण रोज किती कष्ट घेतले ते सांगितलं. दुभाष्यानं ते रशियनमध्ये सांगितलं. शिकवणाऱ्या बाईनं ट्रेच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि काहीतरी विचारलं. नक्षी कोपऱ्यात कशी वळवली असं ती विचारते आहे, दुभाष्या म्हणाला.

"प्रॅक्टिस!" साहेबीणबाई हसल्या.

मी उभी राहिले. "ट्रे मैंने बनाया है."

नवऱ्यानं मान खाली घातली. साहेबीणबाईंचं हसू मात्र तसूभरही हललं नाही. "हो ना, आम्ही सगळ्यांनी मिळूनच केलाय!" दुभाष्यानं रशियनमध्ये काय सांगितलं कोण जाणे, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं बोला की खोटं, त्या हॉलमध्ये टाळ्या सारख्याच पडत.

सायकलवरून घरी येताना नवरा म्हणाला, "कावून बोलली तू? गेलं आता माह्यं प्रमोशन."

"माह्या हातचं काम होतं."

"हातचं काम! तुले कोन विचारून राहिलं होतं?"

प्रमोशन गेलं नाही. यथावकाश नंबर लागला तसं ते मिळालं, जसं त्याच्या पुढच्या-मागच्या सगळ्यांना मिळालं. पेढे त्यानं आधी साहेबाच्या घरी नेले.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मी त्या रशियन बाईच्या क्वार्टरवर गेले. ती सामान बांधत होती. मी तिच्या चाकूकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे.

"नहीं," ती म्हणाली. चाकू उचलून तिनं छातीशी धरला.

मला राग आला नाही. एवढा स्वच्छ नकार त्या वसाहतीत मला कुणी दिला नव्हता. मग तिनं कागदावर चाकू ठेवला, त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली आणि कागद माझ्या हातात दिला. त्यावरून खुर्सीपारच्या लोहारानं मला तुटक्या करवतीच्या पात्याचा चाकू करून दिला. त्यानं मी पुढं आरशाची चौकट कोरली, डबे कोरले. नवरा म्हणायचा, कचरा होते.

वर्षभरानं साहेबीणबाईंचा चपराशी शिवणीची फळी घेऊन दारात उभा. आणखी एक तुकडी जाणार होती. मी त्याला बसवलं, चहा दिला. अख्ख्या फळीवर पट्टीनं, पेन्सिलीनं एकसारखे त्रिकोण आखले आणि फळी परत दिली.

"बाईले सांगजो, आखून देल्लं. आता नुसतं कोरायचं आहे."

हे कळल्यावर, आता नोकरीच जाणार म्हणून नवऱ्यानं कपाळ धरलं. झालं काहीच नाही. त्या समारंभात बाजारातला पितळी ट्रे दिला म्हणे, आणि बाईंनी त्याबद्दलही कष्टाचं भाषण केलं.