मधुकरभाऊंच्या खणातला माझा पैसा

मधुकरभाऊंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. बाबांच्या तेरवीसाठी घरातली पितळी भांडी चिंच-राखेनं घासायला काढली होती. कुही गावी आमच्या शेतातल्या धानाच्या बांधीत बाबांना सापडलेला, भोसल्यांच्या काळातला तांब्याचा एक पैसा होता. तोही मी त्याच हातासरशी घासला. फोटोपुढे लखलखीत ठेवावा, म्हणून. ठेवला आणि चूक उमगली. बाबा जन्मभर खिशात बाळगत तो काळपट, गुळगुळीत पैसा हा नव्हताच! कुणीतरी महाल भागातल्या मधुकरभाऊंचा पत्ता दिला.

त्यांनी पैसा उलटसुलट पाहिला. "काहून घासलं वं बाई?" एवढंच विचारलं आणि मला रडू कोसळलं. त्यांनी आधी पाणी दिलं, मग स्वतः चहा केला. चहा गोड मिट्ट होता.

हिंगण्याच्या कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात घालवलेले मधुकरभाऊ निवृत्तीनंतर हेच काम करत आले आहेत. घासून उजळलेल्या जुन्या नाण्यांना मुरलेला रंग परत आणायचा. मी शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली, त्यात स्वभाव घायकुता. म्हटलं, "गंधकाचं पाणी लावा की! पाच मिनिटांत काळं होतं."

"काळं होईन. जुनं नाई दिसनार," ते म्हणाले. "अन् मी केलं तरी नुसतं जुनं दिसन, बाबांच्या खिशातलं होनार नाई. कबूल असन तर ठेवा."

ठेवला. तांब्याचं नाणं ते दुपारी खिडकीत उन्हाला ठेवतात, संध्याकाळी अंगठ्यानं चोळत बसतात आणि मग साध्या कागदी पाकिटात घालून सागवानी खणात ठेवून देतात. असं महिनोन् महिने. चांदीच्या नाण्याला उकडलेल्या अंड्याच्या बलकाशेजारी डब्यात बंद करतात; त्याच्या वाफेनं चांदी हळूहळू सावळते. वहिनी होत्या तेव्हा अंडं स्वयंपाकघरात चालत नसे, म्हणून भाऊंनी गच्चीवर वेगळा स्टोव्ह मांडला होता. वहिनी गेल्या, मुली परगावी सुखात आहेत. स्टोव्ह मात्र अजून गच्चीवरच आहे.

त्यांची सचोटी, पुढे मीही ज्यात शिरले त्या नाणेसंग्राहक मंडळाला ठाऊक आहे. प्रत्येक पाकिटात त्यांची चिठ्ठी असते: 'घासलेले. रंग नंतर दिला.' खाली काम पुरं झाल्याची तारीख. एका व्यापाऱ्यानं माझ्यासमोर विनवलं, की चिठ्ठ्या तेवढ्या काढून द्या. भाऊंनी त्याची सगळी नाणी अर्धवट रंगातच परत केली. "खोटं मले जमत नाई गा," म्हणाले.

दर रविवारी चार वाजता मी जाते. "काय म्हणतो माझा पैसा?" "अजून कच्चा आहे. पुढच्या रविवारी पाहू." मग चहा, चिवडा, गुडघ्यांची गाऱ्हाणी. सहा वाजतात. अशी पाच वर्षं झाली.

गेल्या महिन्यात ते चहा टाकत होते. आतून म्हणाले, "खणातला चष्मा द्या जरा." खण उघडला तर माझंच पाकीट वर. आत बाबांचा पैसा, मऊ, सावळा, अगदी ओळखीचा. चिठ्ठीवर काम पुरं झाल्याची तारीख होती, दोन दिवाळ्यांपूर्वीची.

भाऊ कप घेऊन आले. मी नेहमीसारखं विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "अजून कच्चा आहे."

मी फटकळ बाई, पण चष्मा तेवढा पुढे केला. चिठ्ठीवर खोटं लिहिणं त्यांना जमलं नव्हतं. तोंडानं मात्र ते दोन वर्षं खोटं बोलत होते, मी येणं थांबवू नये म्हणून. आणि मी तरी कुठली शहाणी? घरी एकटीचा कुकर लावायचा, आणि रेडिओ चालू ठेवायचा तो आवाज असावा म्हणून. एकटेपण मला खातं, सरळ सांगते. मी खण हळूच लोटला आणि म्हटलं, "पाहू की पुढच्या रविवारी."

मंडळाच्या या गौरवग्रंथातला हा लेख भाऊ वाचतीलच, म्हणून चारचौघांत सांगून टाकते. भाऊ, मला कळलं आहे, आणि मी रागावलेली नाही. पंचाहत्तरीनिमित्त आपल्याला उदंड आयुष्य लाभो, गुडघे कुरकुर न करोत, हात असाच स्थिर राहो. माझा पैसा तेवढा शंभरीपर्यंत कच्चा ठेवा. रविवारी चारला येते. विचारीन, तेव्हा नेहमीचंच उत्तर द्या.