पेन्सिलची तीट

लेकीच्या पाळीव सापिणीने अंडी घातली आणि डोहाळेबिहाळे न पुरवताच बाळंतपण आमच्या अंगावर येऊन पडलं. मासळीवालीकडून आणलेलं थर्माकोलचं खोकं धुऊन वाळवलं, तळाशी नारळाच्या भुशाची ओलसर गादी घातली, कोपऱ्यात थर्मामीटर ठेवला. लेक एकेक अंडं अलगद गादीवर ठेवायची आणि त्याच्या माथ्यावर पेन्सिलने ठिपका काढायची. सापाचं अंडं उलटं झालं तर आतलं पिल्लू दगावू शकतं, म्हणून वरची बाजू कळावी यासाठी ही खूण.

सापाच्या नावानेही अंगावर काटा येणाऱ्या माझ्या सासूबाई दारातूनच बघत होत्या.

"तीट लावतेयस होय गं?"

"हो आजी, तसंच समज," लेक हसली.

मला गंमत वाटली. येणारा जीव कुणाचाही असो, आपल्याला द्यायला सुचतं ते एवढंच. थोडी ऊब, थोडी ओल आणि एक काळा ठिपका.

मी झाकण लावायला घेतलं, तशा सासूबाई चक्क आत आल्या आणि खोक्यात वाकून बघू लागल्या.

"थांब गं. त्या कडेच्या बाळाला राहिलीय."