उलटेकाका आणि ट्रेवरची गोगलगाय

तोंडावर सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत, कारण त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. पाठीमागे मात्र गल्लीभर ते उलटेकाका होते. चांदीचा मुलामा दिलेलं जुनं भांडं दिसलं, की ते उलटं करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बुडाला कारागिराचा ठसा असतो. कुठे मुकुट, कुठे होडी, कुठे नुसतीच दोन अक्षरं. त्यावरून काका भांड्याची सात पिढ्यांची कुळी सांगत. भांडं भरलेलं आहे की रिकामं, हे मात्र त्यांच्या जरा उशिरा लक्षात येई. भाचीच्या लग्नात त्यांनी सुपाचं भांडं उलटं केलं, तेव्हा नवरामुलगा जवळच उभा होता. तेव्हापासून त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, फर्मान काढलं : कुणाकडे जायचं तर भिंग घरी राहील.

शेजारचे बँकवाले वारले, तेव्हा काका ताईबरोबर भेटायला गेले. बँकवाल्यांच्या बायकोने, वहिनींनी, चहा आणला. ट्रेच्या कडेचा मुलामा झिजून खालचं पितळ डोकावत होतं. काकांचे हात शिवशिवायला लागले. ताईने डोळे वटारले. काकांनी खूप आवरलं. दोन शब्द सांत्वनाचे बोलले, कप एकेक करून खाली उतरवले आणि मग ट्रे उलटा केला. बिस्किटं तेवढी राहून गेली होती. ती वहिनींच्या मांडीवर पडली.

"वहिनी, हा कुठून आणलात?"

"बिस्किटांचा पुडा?"

"ट्रे हो."

वहिनींना त्या दिवसांत पहिल्यांदाच हसू आलं. "घेऊन जा. ह्यांना तो कधी आवडलाच नाही."

ठसा विचित्र होता. एक वळसा, त्याच्या आत दुसरा, खाली लोंबता थेंब. अक्षर एकही नाही. काकांनी घरातली सगळी पुस्तकं पालथी घातली, पण असला ठसा कुठे नव्हता. डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच.

रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत ठशांचे शौकीन जमत. दाताचे डॉक्टर भिंगातून बघून म्हणाले, "गोगलगाय." निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "झोपलेलं मांजर. शेपूट स्पष्ट दिसतंय." झालं, मंडळी दोन गटांत फुटली. गोगलगायवाले मांजरवाल्यांचा चहा पिईनात. पुढच्या रविवारी डॉक्टरांनी तुलनेसाठी डबीतून जिवंत गोगलगाय आणली. वाद ऐन रंगात आला असताना ती टेबलावरून उतरून कपाटाखाली गेली. न्यायाधीशांनी गंभीरपणे सांगितलं, "साक्षीदार फरार. सुनावणी तहकूब."

कपाट सरकवायची खटपट चालू होती, तेवढ्यात दुकानात एक पिकल्या केसांच्या बाई आल्या. चष्म्याची काडी कानामागे टोचत होती. काका वाकले आणि तसेच थिजले. कानाची वरची कड आत दुमडलेली. तिच्या आत दुसरा वळसा. खाली थेंबासारखी पाळी.

"जरा हलू नका," काका म्हणाले आणि त्यांनी भिंग काढलं. आतून डॉक्टर आणि न्यायाधीश आले. तिघंही बाईंच्या डोक्याभोवती वाकले.

"एक काडी बसवायला तीन माणसं लागतात?" बाईंनी विचारलं.

काकांनी ट्रे पुढे केला. बाईंनी ठशावरून बोट फिरवलं.

"हा आमच्या बाबांचा कान," त्या म्हणाल्या. "बाबांचा मुलाम्याचा कारखाना होता. नाव इतकं लांबलचक, की ठशात मावेना. मग कोरणाऱ्याने त्यांना खिडकीशी बसवलं आणि कान कोरला."

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच. जन्मभर लोकांच्या कानांवर काड्या बसवलेल्या काकांना कान ओळखू आला नव्हता. ते स्टुलावर बसून ठसा पुन्हा भिंगातून बघू लागले.

"पण कान कुठला?" बाई म्हणाल्या. "उजवा चांगल्या मालाला असायचा. मुलामा नीट बसला नाही, की डावा."

यावर नवीनच रण पेटलं. न्यायाधीशांचं म्हणणं उजवा. डॉक्टर म्हणाले, ठसा उलटा कोरतात, म्हणजे डावा. दोघंही आरशासमोर आपापले कान धरून उभे राहिले. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्यांना कुणी शिक्षा केली आहे.

"अहो, ट्रेकडे बघा," बाई शांतपणे म्हणाल्या. "निम्मं पितळ उघडं पडलंय. डावाच असणार. घरी आम्हीही डावाच माल वापरायचो."

काका तसेच उठून वहिनींकडे गेले. माल दुय्यम आहे, हे ऐकून वहिनींना मुळीच वाईट वाटलं नाही. त्यांना बाईंना भेटायचं होतं. भेटल्या, आणि दोघींची अशी गट्टी जमली, की दोघी सकाळी सकाळी जुन्या बाजारात उजवा कान शोधायला निघू लागल्या. काका पिशव्या धरून मागे. दुकानदाराला काही विचारायला त्यांनी तोंड उघडलं, की वहिनी म्हणतात, "भावजी, तुम्ही थांबा. आम्हाला भाव करू द्या."

उजवा कान अजून मिळालेला नाही. काकांना त्याची घाई नाही.