शिंप्याकडचा कोट

शिक्केवाल्यांना मी एकवीस वर्षं ओळखत होतो असं लोक समजतात. खरं तर फार थोडं ओळखत होतो. त्यांनी लग्न का केलं नाही, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. धीरच झाला नाही. त्यांच्यावर लिहिणारा मी कोण, हा प्रश्न आहेच. पण एक गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसलो.

वाचनालयात ते पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारत आणि मागच्या खोलीत मी पुस्तकं बांधत असे. आमच्याकडे एका परक्या कादंबरीचा जुना अनुवाद होता, एकुलती एक प्रत. तिचा नायक जगण्यात काही अर्थ नाही म्हणून एका सकाळी बिऱ्हाड सोडून जातो. वाचनालयातली शहाणी मंडळी पुस्तक पुरतं न वाचताच त्याच्यावर तासन्‌तास वाद घालत. शिक्केवाले मात्र त्यातल्या बाकीच्या पात्रांबद्दल एका वहीत लिहीत. घरमालकीण, वहिनी आणि खालच्या मजल्यावरचा शिंपी. नायकाने त्याच्याकडे कोट दुरुस्तीला टाकलेला असतो.

"राजाच्या घरी जाऊन दरवानाची चौकशी करणारे तुम्ही!" मी एकदा म्हणालो.

"राजाला भेटायला रांग लागते रे. दरवान मोकळा असतो." मग म्हणाले, "मी वाचलंय तिथवर शिंपी तीनदाच बोलतो. तिन्ही वेळा एकच, कोट कधी नेणार? लोक हसतात. पण नायकाची वाट बघणारा तेवढा एकच माणूस आहे त्या पुस्तकात."

तेव्हाच कळलं की त्यांचा थोरला भाऊ असाच एक दिवस निघून गेला होता, चष्मा टेबलावर ठेवून. चष्मा अजून तिथेच होता. घराला आतून कडी ते कधीच लावत नसत.

पुढे ती कादंबरी खिळखिळी होऊन माझ्याकडे आली. बांधून परत दिली, तर दुसऱ्या दिवशी ते खोलीत आले.

"यात सोळा पानं नाहीत. शेवटाच्या आधीची, मी अजून तिथवर पोचलोच नव्हतो. नायक परत येतो की नाही, ते त्यातच असणार."

आम्ही बांधणारे पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दी कागदाच्या पट्ट्या चिकटवतो. सुटलेली सोळा पानं मी रद्दीत धरली होती. कापून कुठल्या कुठल्या पाठींना लावून टाकली होती.

"आली तेव्हाच नव्हती," मी म्हणालो.

"असेल बाबा." त्यांनी वहीत तेवढी जागा कोरी सोडली. ती मी नंतर पाहिली. पुढे कितीतरी वर्षं ते त्या पानांसाठी दुसऱ्या वाचनालयांना पत्रं लिहीत राहिले. टपाल मीच टाकायचो.

ते निवृत्त झाल्यावर एक जुनी नोंदवही दुरुस्तीला आली. पाठ भिजवून सोलली, तर चार बोटं रुंदीची पट्टी निघाली. अक्षरं माझ्याच सुरीने कापलेली. एक ओळ तेवढी वाचता आली: 'तो खाली शिंप्याकडे परत आला आणि'.

पट्टी वाळवली, पाकिटात घातली आणि त्यांच्याकडे गेलो. ते आजारी होते. उशाशी वही होती. पाकीट माझ्या खिशात होतं. दिलं असतं तर मी खोटं बोललो होतो, हेही द्यावं लागलं असतं. मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, खिडकी लावली, पुन्हा उघडली.

"काही काम होतं का?"

"नाही. सहज आलो होतो."

"बरं केलंस. वाचनालयातून पत्रबित्र काही?"

"नाही."

"येईल." त्यांनी डोळे मिटले. मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "दार नुसतं लोटून घे हं."

"बरं," मी म्हणालो.