डोंगराचं प्रदर्शन

आमच्या शहरात हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ होतं, मीही त्यात होतो. निसर्ग वाचवायचा तर त्याचे फोटो काढावेत, मोठे करून भिंतीवर लावावेत आणि शेजारी चहा ठेवावा, यावर आमची गाढ श्रद्धा. चितेगावच्या पलीकडचा एक डोंगर तेव्हा मुरुमासाठी पोखरला जात होता. रस्त्याकडची बाजू पार खरवडून निघालेली. ती आम्ही टिपली नाही. उघडाबोडका डोंगर बघायला कोण येणार? मागची बाजू मात्र अजून हिरवीगार होती. एक मेंढपाळ तिथं मेंढरं चारायचा. वाट त्यानंच दाखवली.

“फोटो लागल्यावर ही बाजू तरी ऱ्हाईल ना, साहेब? आमच्या मेंढरांना दुसरं रान नाय.”

“राहणार म्हणजे काय!” आमचे अध्यक्ष म्हणाले.

प्रदर्शन म्हटलं की प्रमुख पाहुणे आले. शाल आणि नारळ आणलेले असतात, ते कुणाच्या तरी पदरात पडायला हवेत. अध्यक्षांनी मुरूम काढणाऱ्या कंत्राटदारालाच बोलावलं. त्याचं मतपरिवर्तन होईल म्हणे. हॉल, फ्लेक्स आणि समोसे त्याच्याकडूनच होते, हा निव्वळ योगायोग.

पाहुण्यांनी भाषणात धरणीला आई म्हटलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ते फोटो बघायला निघाले. इतका रसिक माणूस आमच्या प्रदर्शनाला पुन्हा कधी लाभला नाही. मागच्या बाजूच्या एकेका फोटोपुढं ते खिळून राहत.

“ही बाजू आपण बघितलीच नाय की हो. इकडून गाडी जाती का?”

अध्यक्षांचा ऊर भरून आला. त्यांनी फोटोवर बोट ठेवून सगळी वाट समजावली. ओढ्यापाशी चढ सोपा आहे, हेही आठवणीनं सांगितलं.

दिवाळीनंतर मी एकटाच तिकडं गेलो. ओढ्यापासून मुरुमाचे हायवा ट्रक धुरळा उडवत येत होते. हिरव्या उताराला जेसीबी लागला होता. मेंढपाळानं घोड्यावर बिऱ्हाड लादलं होतं, बायको मेंढरं गोळा करत होती. तो चार शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कुठं निघालात?” मी विचारलं.

“बघू, कन्नडकडं,” तो म्हणाला. “तुमचं फिरणं लई असतं साहेब. कुठं हिरवं रान दिसलं तर मला सांगा. फोटो तेवढा काढू नका.”