पावतीवरची रिकामी ओळ

अंबरनाथच्या आमच्या फ्लॅटला चोपन्न पायऱ्या होत्या. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यावर मी त्या पहिल्यांदा मोजल्या. डॉक्टर म्हणाले, लिफ्टचं घर बघा. वडिलांनी घेतलेला हा फ्लॅट विकायचा आणि बदलापूरला लिफ्टच्या इमारतीत टू बीएचके घ्यायचा, असं मी ठरवलं.

आनंदनगरच्या एका कारखान्यात मी माल तपासतो. मापात बसला नाही तर परत पाठवतो. घराचंही मी तसंच केलं. फीत लावून खोल्या मोजल्या, आजूबाजूचे भाव लिहून काढले आणि एजंट नको म्हटलं. दोन टक्के कशाचे द्यायचे? चार महिन्यांत अकरा जण घर बघून गेले, परत कोणी आलं नाही. शेवटी शेजाऱ्यांनी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका जुन्या एजंटकडे पाठवलं.

सत्तरीला आलेला सिंधी गृहस्थ. घर बघायला आला तो पायऱ्या चढून दमला होता. आधी पाणी प्यायला आणि मग विचारलं, "या घरात कोण कोण वाढलं?"

"मी आणि धाकटी बहीण. ती वांगणीला असते, लग्न झालंय तिचं."

त्याने मान हलवली. तीन आठवड्यांत त्याने गिऱ्हाईक आणलं. टोकनची पावती स्वतःच्या हाताने लिहिली. विकणाऱ्यांच्या जागी दोन ओळी आखल्या. पहिलीवर माझं नाव, दुसरी रिकामी.

"शेठ, ही ओळ मारून टाका," मी म्हणालो. "वडिलांनी नॉमिनी मला केलं होतं. सोसायटीच्या दाखल्यावर मी एकटा आहे."

"नॉमिनी म्हणजे मालक नाही, साहेब. तो सांभाळणारा. आई-वडील दोघं गेले, आता बहिणीचा हिस्सा बरोबरीचा. गिऱ्हाइकाची बँक उद्या विचारणारच. तुम्ही आज विचारा."

"ती हक्कसोड करून देईल. आमच्याकडे बहिणी देतातच."

"देईल ना. पण कागद घेऊन जाऊ नका. पहिले खाली हात जा. बसा, चाय प्या, पूछो उसको."

एका कामाला दोन खेपा कशाला, असा मी विचार केला. वकिलाकडून हक्कसोडपत्र टाइप करून घेतलं, एक चांगली साडी घेतली आणि रविवारी वांगणीला गेलो.

बहीण घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. तिने मशीन थांबवलं, चहा ठेवला. बायकोचे गुडघे, चोपन्न पायऱ्या, सगळं मी सांगितलं. मग साडीची पिशवी पुढे केली आणि पिशवीवर कागद ठेवला. तिने चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. तेवढा वेळ मी मशीनच्या चाकाकडे बघत होतो.

"दादा, साडी भाऊबीजेची की सहीची?"

मी पिशवी थोडी मागे ओढली.

"'स्वखुशीने हक्क सोडत आहे' असं लिहिलंय. माझी खुशी वकिलाला कोणी सांगितली?" ती ओरडली नाही. "आईची शेवटची दोन वर्षं मी वांगणीहून येत होते. वहिनी कामावर, तू ड्यूटीवर. त्या पायऱ्या मी रोज दोनदा चढत होते. तेव्हा नाही मोजल्यास तू."

साडी आणि कागद दोन्ही परत घेऊन मी निघालो. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कॅम्प चारमध्ये जाऊन एजंटला सगळं सांगितलं. तो मला टाकून बोलेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "नाही म्हणाली का ती?"

"नाही म्हणाली नाही. पण सहीही केली नाही."

"मग अजून काही तुटलं नाही. सही करून गप्प बसल्या ना, त्या बहिणी परत घरी येत नाहीत. मी पुष्कळ बघितल्या. जा परत. आज खाली हात."

मी गेलो. या वेळी विचारलं, "तुला काय हवंय?" ती म्हणाली, "माझा हिस्सा हवाय. आणि विकताना तुझ्याबरोबर मीपण विकतेय, असं लिहिलेलं हवंय." मी हो म्हटलं. येताना रिक्षात आकडे मांडले. मुलासाठी धरलेली बदलापूरची दुसरी बेडरूम त्यात बसत नव्हती. बायकोला सांगितलं तेव्हा ती गुडघे चोळत होती. म्हणाली, "अहो, लिफ्ट आहे ना? मग घ्या छोटं."

त्या पावतीवरच्या रिकाम्या ओळीत बहिणीने स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलं. गिऱ्हाईक बिथरलं नाही, कारण विकणारे दोघं आहेत हे एजंटने त्याला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. रजिस्ट्रेशनला आम्ही एका बाकावर बसलो. आधी माझा अंगठा झाला, मग तिचा. एजंटला मी दोन टक्के दिले. घासाघीस करावीशी वाटली नाही.

आता बदलापूरला चौथ्या मजल्यावर वन बीएचकेत राहतो. मुलगा हॉलमध्ये झोपतो. जागा कमी पडते, हे खोटं कशाला सांगू? बायको मात्र रोज खाली जाऊन भाजी आणते.

भाऊबीजेला बहीण येईल की नाही, याची मला खात्री नव्हती. आली. ओवाळून झाल्यावर मी ताटात तीच साडी ठेवली. तिने ओळखली. घडी उलगडली, काठ उलटून पाहिला.

"फॉल मलाच लावायला ठेवलास वाटतं," ती म्हणाली, आणि वहिनीकडे सुई-दोरा मागितला.